दूरच्या प्रतिस्पर्ध्याशीं बुद्धिबळ

समोर माणूस नाहीं, मोहरीं पटावर आपटल्याचा आवाज नाहीं, आणि तरीहि डाव ऐन रंगांत आला आहे, हें दृश्य आतां घरोघरीं दिसतें. मुलगा लहानशा कांचेवर बोट फिरवितो आणि पलीकडे कोणी ब्राझीलमधील गृहस्थ मात खातो. श्रोत्यांस ही अगदीं नवी नवलाई वाटत असेल. परंतु न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशीं खेळण्याची हौस जुनी आहे. महाजालावर बुद्धिबळ शिकूं पाहणारा नवशिका कोठें अडतो, याचा उलगडाहि त्या हौसेच्या इतिहासांतच सांपडतो.

इ. स. १८२४ मध्यें एडिंबरो आणि लंडन या दोन शहरांच्या बुद्धिबळ-मंडळांनीं टपालानें सामना मांडला. तो १८२८ पर्यंत चालला. चार वर्षांत डाव झाले अवघे पांच! एडिंबरोनें दोन जिंकले, लंडननें एक, व दोन बरोबरींत सुटले. ‘स्कॉच’ या नांवानें आज ओळखली जाणारी सुरुवात याच सामन्यामुळें प्रसिद्धीस आली. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत मंडळाचे सभासद पटाभोंवतीं बसत, एकेका खेळीवर वाद घालीत. वेळ इतका कीं, अविचारास सबबच उरत नसे.

मग तार आली. मोर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर ही ओळ १८४४ च्या मे महिन्यांत सुरू झाली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तिच्यावरून बुद्धिबळाच्या खेळ्या धांवूं लागल्या. पुढील वर्षीं एप्रिलांत हॉवर्ड स्टॉन्टन हा इंग्रज पटु गॉस्पोर्टच्या तारघरांत बसून लंडनकरांशीं खेळला. नव्या साधनानें बुद्धिबळपटूंची इतकी लवकर सोय पाहावी, ही मोठी मौजेची गोष्ट होय!

आपल्या या नभोवाणीलाहि त्यांत मानाचें स्थान आहे. १९४५ च्या सप्टेंबरच्या १ ते ४ या तारखांस अमेरिका व सोव्हिएट रशिया यांच्यामध्यें दहा पटांवर बिनतारी सामना झाला. जपानच्या शरणागतीवर सह्या झाल्या तो २ सप्टेंबरचा दिवस याच सामन्यांतला. रशियानें साडेपंधरा गुण मिळविले, अमेरिकेनें साडेचार. पहिल्या पटावर मिखाईल बोट्विनिकनें अमेरिकेचा विजेता डेंकर याला दोन्ही डावांत हरविलें.

या बोट्विनिकचें नांव नवशिक्यानें विसरूं नये. आपण खेळलेल्या डावांची चिकित्सा करून ती छापावी, म्हणजे इतरांस तिच्यांतील चुका दाखवितां येतील, असा त्याचा आग्रह होता. क्यूबाच्या कापाब्लांकानें १९२१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ‘चेस फंडामेंटल्स’ या पुस्तकांत तर थोड्या मोहऱ्यांनीं मात कशी करावी येथूनच आरंभ केला आहे. आजचा मुलगा मात्र सुरुवातीच्या वीस खेळ्या तोंडपाठ करतो, आणि राजा व एक प्यादें उरलें म्हणजे गोंधळतो. आमच्या वर्गांतहि पाढे पाठ व हिशेब चुकलेला, अशीं मुलें असतच.

महाजालावर खेळण्याची सोय १९९२ सालीं झाली. आतां घटकाभरांत बरोबरीचा गडी मिळतो, याचें श्रेय हंगेरींत जन्मलेल्या व अमेरिकेंत पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या आर्पाद एलो यांच्या गुणांकन-पद्धतीस द्यावें लागेल; जागतिक संघटनेनें ती १९७० मध्यें स्वीकारली. बलाबल मोजण्यासाठीं काढलेला हा आंकडा नवशिक्यास मात्र ध्येय वाटूं लागतो. तो वाढावा म्हणून तीन-तीन मिनिटांचे वीस डाव एका संध्याकाळीं खेळले जातात. त्यांत घोडा फुकट जातो, वजीर फुकट जातो, आणि कां गेला हें पाहण्यापूर्वींच पुढला डाव सुरू होतो! टपालानें जो वेळ दिला होता, तो येथें कोणी हिरावून घेतलेला नाहीं. अर्ध्या तासाचा डाव निवडण्याची मुभा तेथेंहि आहे. निवडतो कोण?

चुका दाखविणारें यंत्रहि आतां प्रत्येकाजवळ आहे. १९९७ मध्यें ‘डीप ब्लू’नें कास्पारोव्हला हरविलें, त्याहून बलवान यंत्रें आज खिशांत मावतात. माझें मत असें कीं, हरलेला डाव प्रथम स्वतः पाहावा, जेथें घसरलों असें वाटतें तेथें खूण करावी, आणि मग यंत्रास विचारावें. उत्तर आधींच वाचणाऱ्या विद्यार्थ्यास गणित येत नाहीं.

महाजालावरील खेळास पोरखेळ म्हणणाऱ्यांनीं २०२० चें ऑलिंपियाड आठवावें. साथीमुळें तें घरोघर बसून खेळलें गेलें. नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता. अंतिम फेरींत दोघां भारतीय खेळाडूंचा संपर्क मध्येंच तुटला, घड्याळें संपलीं, आणि अखेर भारत व रशिया यांस संयुक्त विजेते ठरविण्यांत आलें. त्या दोघांपैकीं एक होती नागपूरची दिव्या देशमुख. १९ वर्षांच्या याच मुलीनें २०२५ च्या जुलैमध्यें बाटुमी येथें कोनेरू हंपीस हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला. तो मात्र समोरासमोर बसून.