शालेय संगीत आणि नवनिर्मिती

शाळेत संगीत शिकवावयाचे ते कशासाठी, याविषयी शिक्षकवर्गात दोन पक्ष आढळतात. शिकविलेले पद मुलाने बिनचूक म्हणावे, एवढीच अपेक्षा एक पक्ष करतो. त्याने स्वतःचेही काही रचावे, असे दुसरा म्हणतो. या वादाचे मूळ इतिहासात शोधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

घराण्याची तालीम एका शिष्यापुरती असे. शाळेत वर्गच्या वर्ग समोर बसतो. ही अडचण ओळखूनच मौलाबक्षांनी १८८६ साली बडोद्यास काढलेल्या गायनशाळेत स्वरलेखनाचा आश्रय केला. पुढे कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले, तर भातखंड्यांनी ‘क्रमिक पुस्तकमालिका’ रचली. दोघांच्या स्वरलिपी निराळ्या, परंतु हेतू एकच : विद्या चार भिंतींबाहेर यावी. स्वरलिपीवाचून शालेय संगीत उभेच राहिले नसते. मात्र भातखंड्यांनी नमुन्यादाखल दिलेले स्वरविस्तारही पुढे विद्यार्थी पाठ करू लागले, आणि परीक्षेने साधनासच साध्य केले.

पहिल्या पक्षास आमच्याच जिल्ह्यातील उदाहरण विचार करावयास लावील. बेळगावजवळील सुळेभावीस १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व बालपणी ध्वनिमुद्रिकांवरील गवयांची हुबेहूब नक्कल करीत. ते मुंबईस पलुसकरांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर यांच्या विद्यालयात गेले. तेथे अनेक घराण्यांच्या गायकीचा परिचय घडला. आणि १९६५ साली ‘अनूपरागविलास’ प्रसिद्ध झाला, तो स्वरचित बंदिशींनी भरलेला. अनुकरण ही पायरी होय, मुक्काम नव्हे.

अशी प्रतिभा विरळा, हे खरे. परंतु प्रत्येक मुलास बंदिशकार करा, असे कोण म्हणतो? गुंजीसारख्या गावी जात्यावरच्या ओवीची परंपरा पाहा. चाल तीच, शब्द मात्र प्रत्येक बाईचे आपले. मर्यादेतील नवनिर्मिती ती हीच. शिक्षकाने एक स्वरपंक्ती द्यावी आणि त्याच तालात उत्तराची पंक्ती मुलाकडून मागावी. ती सदोष असली, तरी तीत मुलाचा कान जागा झालेला दिसेल. शुद्धता आणि निर्मिती यांचे वैर नाही. पहिलीवाचून दुसरी पांगळी, आणि दुसरीवाचून पहिली मुकी, असे आमचे मत आहे.