येशू ख्रिस्ताचे ज्ञान

येशू ख्रिस्ताचे ज्ञान : पृथ्वीवरील आयुष्यात, म्हणजे जन्मापासून क्रुसावरील मरणापर्यंत, येशू सर्वज्ञ होता काय, याचा विचार करणारा ख्रिस्ती ईश्वरविद्येतील विषय. येशू खरा देव आणि खरा मनुष्य आहे, अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. देवाला सर्व काही ठाऊक असते. माणूस मात्र विचारत, शिकत मोठा होतो. एकाच व्यक्तीत या दोन्ही गोष्टी कशा नांदल्या, हा चर्चेचा गाभा आहे. देवाचा पुत्र खरोखर माणसाचे जिणे जगला की वरवर तसा दिसला, याचे उत्तर या प्रश्नात दडलेले असल्याने त्याला निव्वळ पंडिती वाद म्हणता येत नाही.

शुभवर्तमानांतील आधार : चारही शुभवर्तमानांत दोन्ही बाजूंची वचने आढळतात. योहानाच्या वृत्तान्तात येशू नथनेलाला भेटीआधीच ओळखतो आणि शोमरोनी स्त्रीला तिच्या पाच पतींविषयी सांगतो. पुनरुत्थानानंतर पेत्र त्याला सर्व काही जाणणारा म्हणतो. उलट लूक सांगतो की बाल येशू ज्ञानाने आणि शरीराने वाढत गेला. लाजराला कोठे ठेवले आहे, हे येशूला विचारावे लागते.

मार्काच्या पाचव्या अध्यायातील प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. सभास्थानाचा अधिकारी याईर याच्या घरी जाताना गर्दी येशूला चेंगरत असते. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली एक स्त्री मागून येऊन त्याच्या वस्त्राला शिवते. आपल्यातून शक्ती निघाली, हे येशूला तत्क्षणी कळते. कोण शिवले, हे मात्र तो मागे वळून विचारतो. एवढ्या रेटारेटीत हा कसला प्रश्न, असे शिष्यांना वाटते. तरी तो सभोवार पाहत राहतो आणि ती स्त्री भीत भीत पुढे येते. जाणणे आणि न जाणणे येथे एकाच क्षणी शेजारी उभे आहेत.

वादाच्या केंद्रस्थानी मार्क १३:३२ हे वचन आहे. शेवटचा दिवस व घटका स्वर्गातील दूतांना नाही, पुत्रालाही नाही, केवळ पित्याला ठाऊक आहे, असे त्यात येशू स्वतः सांगतो. मत्तयाच्या समांतर वचनातील पुत्राचा उल्लेख काही जुन्या हस्तलिखितांत आढळत नाही. तो नकल करणाऱ्यांना अडचणीचा वाटून गळला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

प्राचीन धर्मसभा : चौथ्या शतकात एरियसपंथीयांनी याच वचनाचा आधार घेऊन पुत्र पित्याहून कमी असल्याचे मांडले. पुत्र पित्याशी एकसत्त्व आहे, असे निकिया येथील धर्मसभेने ३२५ मध्ये ठरवले. तिचा कैवार घेणारे संत अथानेशियस यांनी अज्ञानाचा उल्लेख पुत्राने धारण केलेल्या मानवी स्वभावाला लागू केला. संत ऑगस्टीन यांच्या मते, हे ज्ञान शिष्यांना देण्याची वेळ आलेली नव्हती, एवढाच त्या वचनाचा अर्थ.

ख्रिस्तात मानवी बुद्धीच्या जागी दैवी शब्द, म्हणजे देवाचा पुत्र, होता, असे अपोलिनेरियस यांनी सुचवले. नाझियान्झसचे संत ग्रेगरी यांनी त्याला दिलेले उत्तर निर्णायक ठरले : ख्रिस्ताने माणसाचे जे धारण केले नाही, ते बरेही झालेले नाही. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल धर्मसभेने अपोलिनेरियसचे मत नाकारले. कॅल्सिडॉनच्या धर्मसभेने ४५१ मध्ये एक व्यक्ती व दोन स्वभाव, मिसळ न होता आणि ताटातूट न होता, ही व्याख्या दिली. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा डीकन थेमिस्टियस याने ख्रिस्ताला काही गोष्टी खरोखर ठाऊक नव्हत्या, असे शिकवले. पोप पहिले ग्रेगरी यांनी ते अमान्य केले.

मध्ययुग : संत थॉमस अक्वायनस यांनी ख्रिस्ताच्या मानवी आत्म्यातील ज्ञानाचे तीन प्रकार मानले : देवाच्या साक्षात दर्शनाचे, देवाने ओतलेले आणि अनुभवातून मिळवलेले. तिसरा प्रकार त्यांनी आधी नाकारला होता. ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात त्यांनी मत बदलले आणि तसे नोंदवलेही. मात्र ख्रिस्त इतर माणसांकडून काही शिकला, हे त्यांनी तेथेही मान्य केले नाही.

आधुनिक विचार : फिलिप्पैकरांस पत्रात पौल म्हणतो की ख्रिस्ताने स्वतःला रिते केले. त्यावरून एकोणिसाव्या शतकात जर्मन ल्यूथरपंथी गॉटफ्रीड थोमासियस यांनी मांडले की पुत्राने सर्वज्ञता, सर्वशक्तिमत्ता व सर्वव्यापिता बाजूला ठेवली. पावित्र्य, सत्य व प्रेम मात्र राखले. इंग्लंडमध्ये चार्ल्स गोर यांनी ‘लक्स मुंडी’ (१८८९) या संग्रहातील निबंधात येशू आपल्या काळाच्या मानवी ज्ञानाच्या मर्यादेत बोलला, असे प्रतिपादन केले. पुत्राने सर्वज्ञतेसारखे गुण सोडले तर त्या काळात विश्वाचा भार कोणी वाहिला, असा आक्षेप विल्यम टेंपल यांनी घेतला. टॉमस मॉरिस यांनी १९८६ मध्ये ‘दोन मनां’ची मांडणी केली : दैवी मनाला मानवी मनाचे सारे कळते, मानवी मनाला दैवी मनाचे हवे तेवढेच.

ख्रिस्ताच्या आत्म्याला पृथ्वीवर देवदर्शन नव्हते, असे शिकवणे सुरक्षित नाही, असे कॅथलिक शिकवणीवर देखरेख ठेवणाऱ्या रोमच्या होली ऑफिसने १९१८ मध्ये जाहीर केले. पुढे कार्ल रानर यांनी या दर्शनाचा अर्थ पित्याशी असलेल्या ऐक्याची मूलभूत जाणीव असा लावून शिकण्याला वाव दिला. १९९२ चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ ख्रिस्ताचे मानवी ज्ञान मर्यादित होते, असे सांगतो. त्याचबरोबर, जी सनातन योजना प्रकट करण्यास तो आला होता, तिचे पूर्ण आकलन त्याला होते, असेही म्हणतो.

महत्त्व : न जाणणे हे पाप नाही, आणि खोटे बोलणेही नाही, म्हणून येशूची मर्यादा मान्य केल्याने त्याच्या पावित्र्याला बाध येत नाही. इब्री लोकांस पत्र तर सांगते की पुत्र असूनही तो दुःखातून आज्ञापालन शिकला. परंपरांचे मतभेद कायम असले, तरी येशू पित्याला पूर्णपणे ओळखत होता, यावर मुख्य प्रवाहातील मंडळ्यांचे एकमत आहे. नाझियान्झसच्या ग्रेगरी यांचा निकष लावला, तर पुढचे न दिसता पित्यावर भरवसा ठेवणे हेही त्याने माणसांच्या वतीने उचललेल्या माणूसपणाचाच भाग ठरते. अटकेपूर्वी येशूने गेथशेमाने येथे केलेली प्रार्थना या भरवशामुळेच खरी प्रार्थना ठरते. ती शिष्यांना दाखवण्यापुरती केली होती, असे मग म्हणता येत नाही.