आभासी वास्तव

आभासी वास्तव : संगणकाने उभे केलेले दृश्य चहूबाजूंनी पसरले आहे आणि आपण त्याच्या आत उभे आहोत, असा अनुभव देणारे तंत्र. बोलण्यात व्हर्च्युअल रिॲलिटी किंवा नुसते ‘व्हीआर’. सिनेमात कॅमेरा दाखवील तेवढेच दिसते. इथे मान वळेल तसे दृश्य वळते.

यासाठी डोळ्यांवर चढवायच्या चष्म्यात दोन्ही डोळ्यांना किंचित निराळ्या कोनातली चित्रे दिसतात आणि त्यातून खोली जाणवते. हे तत्त्व चार्ल्स व्हीट्स्टनने १८३८ मध्ये मांडले. डोक्यावर चढवायचे पहिले संगणकी उपकरण इव्हान सदरलंड यांनी १९६८ मध्ये केले. ते छताला टांगावे लागे. २०१४ मध्ये गूगलने पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाइल बसवून हाच अनुभव स्वस्त केला.

या तंत्राचे मर्म मुरुडच्या जंजिरा या जलदुर्गावर नेमके कळते. राजपुरीहून शिडाची होडी निघते तेव्हा समोर नुसता अखंड तट दिसतो. दरवाजा दोन बुरुजांच्या आड आहे. होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. होडीतून टिपलेले ३६० अंशांचे छायाचित्र चष्म्यात पाहिले, तर मान कितीही वळवा, दरवाजा सापडायचा नाही, कारण त्यात पुढे सरकता येत नाही. लेसरने किंवा असंख्य छायाचित्रांवरून तटाची त्रिमिती प्रतिकृती केली, तरच पुढे जाता जाता दरवाजा उघड होईल. खरे आभासी वास्तव ते हेच. पावसाळ्यात होड्या बंद असतात आणि हलत्या होडीतून पायरीवर उतरणे म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही; त्यांच्यासाठी अशी प्रतिकृती व्हायलाच हवी.

रोजच्या वापरात खेळ सर्वांत पुढे. शस्त्रक्रियेचा सराव, न बांधलेल्या घरातून फेरफटका, उंचीच्या भीतीवर उपचार हेही होते. भाजलेल्या रुग्णाची मलमपट्टी चालू असताना त्याला बर्फाळ दरीत रमवून वेदना सुसह्य करण्याचा प्रयोग वॉशिंग्टन विद्यापीठात झाला; या तंत्राचा याहून मोलाचा उपयोग क्वचितच सापडेल. जहाजावर जाणारी मुले ज्या सिम्युलेटरवर शिकतात तो याचाच भाऊबंद; तिथे चष्म्याऐवजी मोठे पडदे असतात.

चष्म्याने काहींना मळमळते. बोट लागते तसेच हे, फक्त उलटे : बोटीच्या खोलीत कानाला हेलकावा कळतो, डोळ्यांना नाही, चष्म्यात डोळे धावतात आणि शरीर खुर्चीतच असते. बोटीवर क्षितिजाकडे पाहत राहिल्याने बरे वाटते. इथे चष्मा उतरवून थोडा वेळ बसावे.