एका नावाखाली दोन भुंगे

एखाद्या गावच्या खानेसुमारीत हुबेहूब चेहऱ्याच्या दोन भावांची नोंद चुकून एकाच नावाने झाली, तर त्यांतील एक नाहीसा झाल्याचे दप्तराला कधीच कळणार नाही. प्राणिशास्त्राच्या दप्तरात असे अनेकदा घडले आहे. बंबलबी या भुंग्याचा इतिहास त्याची साक्ष देतो.

आपल्या घरांच्या वाशांना भोके पाडणारा काळा भुंगा तो हा नव्हे. बंबलबी अंगाने गोल, लोकरीसारख्या केसांनी झाकलेला आणि थंड हवेचा रहिवासी. हिमालयात तो आढळतो, दख्खनच्या पठारावर नाही.

स्वीडनमधील उप्सालाचे प्राध्यापक लिनिअस यांनी १७६१ साली यांपैकी एकाचे नाव ‘ल्युकोरम’ असे नोंदले. त्या काळी जात ओळखण्याचे मुख्य साधन म्हणजे डोळा, आणि डोळ्याला प्रथम दिसे तो केसांचा रंग. परंतु हा रंग मोठा फसवा. एकाच जातीत तो अनेक प्रकारचा असतो; उलट एकाच प्रदेशातील भिन्न जाती एकसारखा वेष धारण करतात. मेंदूच्या रचनेचे जर्मन अभ्यासक ऑस्कर फोग्ट यांना या कोड्याने झपाटले होते. पुढे लेनिनच्या मेंदूच्या परीक्षणासाठी ज्यांना पाचारण करण्यात आले, तेच हे फोग्ट. १९११ साली त्यांनी यांतील एका मोठ्या चणीच्या रूपाला ‘मॅग्नस’ हे नाव दिले. मात्र ही निराळी जात की ल्युकोरमचाच एक प्रकार, हा वाद पुढे अनेक दशके मिटला नाही.

तो मिटवण्याचे साधन निराळ्याच दिशेने आले. पेशीतील तंतुकणिकांमध्ये असलेल्या एका जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचून प्राण्याची जात ठरवावी, अशी सूचना कॅनडातील पॉल हेबर्ट यांनी २००३ साली मांडली. २००८ साली आयर्लंडमधील भुंग्यांवर जनुकीय कसोटी लावली, तेव्हा ल्युकोरम म्हणून गणल्या जाणाऱ्यांत तीन जाती स्पष्ट झाल्या: ल्युकोरम, मॅग्नस आणि क्रिप्टॅरम. त्यांच्या कामकरी माशा रंगावरून खात्रीने ओळखता येत नाहीत.

पुढचे पाऊल याहून मोठे होते. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतांत शेकडो भुंगे गोळा करून संशोधकांनी त्यांचे संपूर्ण जनुकसंच वाचले. ‘सिल्विकोला’ या १८३७ पासून ज्ञात असलेल्या जातीबरोबर त्याच शिखरांवर तशाच वेषाची दुसरी जात नांदत असल्याचे त्यातून दिसून आले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधात तिला ‘इन्कॉग्निटस’, म्हणजे अनोळखी, असे समर्पक नाव मिळाले. या दोन जातींत पूर्वी काही काळ संकर होत होता; तथापि गुणसूत्रांचे काही ठरावीक भाग त्या मिश्रणाला दाद देत नव्हते. दोन जातींमधील भिंत बाहेरच्या रंगात नव्हती, ती आत उभी होती.

हा केवळ नावांचा खेळ नव्हे. हवामान तापत चालले आहे आणि शिखरावर राहणाऱ्या या भुंग्यांना आणखी वर सरकण्यास जागा मर्यादित आहे. दोन जाती एकच म्हणून मोजल्या, तर विपुल असलेली विरळ असलेलीला झाकून टाकते, आणि विरळ जात कोणाच्या ध्यानी न येता लोप पावू शकते. रक्षण करावयाचे तर आधी ओळख हवी.

कोलोरॅडोच्या या संशोधनातील प्रमुख मंडळी उप्साला विद्यापीठातील होती, हाही एक योगायोगच. लिनिअसने जेथे नावांची वही उघडली, त्याच नगरीत तिच्यात हे नवे नाव लिहिले गेले.