हवाईची छापील ठेव

भाषा टिकते ती बोलणाऱ्यांच्या मुखामुळे की छापलेल्या ग्रंथांमुळे, हा प्रश्न महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आम्हां मराठी कुटुंबांना नवा नाही. प्रशांत महासागरातील हवाई बेटांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास या प्रश्नावर चांगला प्रकाश टाकतो.

हवाई भाषेला पूर्वी लिपी नव्हती. राजकुळांच्या वंशावळी, दैवतकथा, स्तोत्रे हे सारे मुखोद्गत असे. १८२० साली तेथे ‘अमेरिकन बोर्ड’ या संस्थेचे मिशनरी उतरले. याच संस्थेचे लोक १८१३ पासून मुंबईत होते. मुंबईतील त्यांच्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजींनी पुढे स्वतःचा छापखाना काढून १८३१ साली मराठी पंचांग छापले, हे आपणांस ठाऊक आहेच. धर्मप्रसारासाठी आलेले यंत्र एतद्देशीयांनी आपल्या परंपरेच्या कामी लावले. हवाईतही पुढे तेच घडले.

१८२२ साली हवाई भाषेतील पहिले पाठ छापले गेले. १८३४ मध्ये, म्हणजे आपले ‘दर्पण’ निघाल्यावर दोनच वर्षांनी, माउई बेटावरील लाहैनालुना येथील विद्यालयातून या भाषेतील पहिले वृत्तपत्र निघाले. तेथील विद्यार्थ्यांनी जाणत्या वृद्धांना विचारून जमविलेला देशाचा इतिहास १८३८ साली पुस्तकरूपाने आला. या विद्यालयातून डेव्हिड मालो आणि सॅम्युअल कामाकाऊ हे दोन मोठे इतिहासकार पुढे आले. १८६१ मध्ये हवाई लोकांनी स्वतः चालविलेले पहिले वृत्तपत्र सुरू झाले. कामाकाऊंचा इतिहास वृत्तपत्रांतून क्रमशः येई, आणि हालेओले यांची ‘लाएइकावाइ’ ही अद्भुतकथा १८६३ साली पुस्तकरूपात निघाली. १९४८ पर्यंत सुमारे शंभर वृत्तपत्रे निघाली. त्यांची पाने सव्वा लाखाच्या घरात जातात.

ही धडपड अकारण नव्हती. बाहेरून आलेल्या रोगांनी माणसे झपाट्याने मरत होती. जाणता वृद्ध गेला की त्याच्यासोबत एक वंशावळ, एक स्तोत्र जात असे. १८८१ च्या जगप्रवासात मुंबईलाही येऊन गेलेला राजा कालाकाउआ याने राजघराण्यातील ‘कुमुलिपो’ हे दोन हजारांहून अधिक ओळींचे सृष्ट्युत्पत्तीचे स्तोत्र १८८९ साली छापून घेतले. त्याची बहीण, राणी लिलिउओकलानी, हिचे राज्य १८९३ मध्ये उलथविले गेले. १८९५ साली आपल्याच राजवाड्यात कैदेत असताना तिने या स्तोत्राचा इंग्रजी अनुवाद हाती घेतला आणि १८९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. आमचे कुळ व आमची भूमी किती जुनी आहे, हे परक्यांना सांगण्याचा तो एक मार्ग होता. त्याच वर्षी अमेरिकेतील विलीनीकरणाविरुद्ध २१ हजारांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या. हवाई वंशाची एकूण लोकसंख्याच तेव्हा ४० हजारांच्या आसपास होती.

मात्र १८९६ च्या कायद्याने शाळांतील शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले होते. शाळेत हवाई बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली आणि आईबापांनीही घरी इंग्रजी धरली. पुस्तके शाबूत होती, वाचक मात्र ओसरत गेले. १९८० च्या दशकाच्या आरंभी ही भाषा मातृभाषा म्हणून बोलणारी अठरा वर्षांखालील मुले पन्नासही उरली नव्हती.

मधल्या काळात धागा तुटू दिला नाही तो मेरी कावेना पुकुई यांच्यासारख्यांनी. आजीच्या सहवासात परंपरा आत्मसात केलेल्या पुकुईंनी सॅम्युअल एल्बर्ट यांच्यासह १९५७ साली हवाई-इंग्रजी कोश सिद्ध केला आणि १९८३ मध्ये २,९४२ म्हणींचा संग्रह दिला. मूळ लेखनाची जागा अनुवाद पुरती घेऊ शकत नाहीत, हेही येथे ध्यानी घ्यावे. मालोंचा ग्रंथ १९०३ साली, तर कामाकाऊंचा इतिहास १९६१ साली इंग्रजीत आला. या दुसऱ्या ग्रंथात मूळ लेखांची निवड व पुनर्मांडणी झाली होती. अभ्यासक बराच काळ अशा मोजक्या अनुवादांवरच विसंबून राहिले आणि वृत्तपत्रांतील बहुतांश मजकूर न वाचलेलाच राहिला.

१९७८ साली हवाईला राज्यभाषेचा दर्जा मिळाला. १९८४ मध्ये ‘पुनाना लेओ’, म्हणजे ‘बोलीचे घरटे’, या नावाची पहिली बालशाळा निघाली. तेथे लहानग्यांशी केवळ हवाईतच बोलत. १९८७ पासून सरकारी शाळांत हे माध्यम परतले. या शाळांना शब्द, कथा, म्हणी हव्या होत्या, आणि त्या जुन्या छापील पानांत व कोशांत तयार होत्या. २०११ पासून हजारो स्वयंसेवकांनी जुनी वृत्तपत्रे टंकित करून शोधण्याजोगी केली.

आमच्या मते या इतिहासातील मर्म असे की, ग्रंथांनी ठेव राखली, पण ती उपयोगी पडली तेव्हा, जेव्हा मोठी माणसे मुलांशी त्या भाषेत बोलू लागली. आणि ठेव नसती तर त्या बोलण्याला फार काळ खाद्य पुरले नसते. आपल्या घरांत मोडीतील दप्तरे आहेत, मंडळांच्या कपाटांत जुने अंक आहेत. त्यांची सूची करणे हे एक काम. ती सूची वाचू शकेल अशा नातवंडाशी आज घरी मराठीत बोलणे हे दुसरे. ही दोन्ही कामे आपण एकाच वेळी हाती घ्यावीत, असे आम्हांस वाटते.