बदलत्या आज्ञावलींचे स्थितिक विश्लेषण : एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

संगणकाची आज्ञावली प्रत्यक्ष न चालवता, केवळ तिचा मजकूर तपासून तिच्या वर्तनाविषयी निष्कर्ष काढणे यास स्थितिक विश्लेषण म्हणतात. या शाखेचा इतिहास सामान्यतः वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. यंत्रे वेगवान झाली, गणनपद्धती सुधारल्या आणि म्हणून लाखो ओळींच्या आज्ञावली तपासता येऊ लागल्या, अशी ती मांडणी असते. प्रस्तुत लेखकास ती अपुरी वाटते. मोठी आज्ञावली ही एकदा छापून पूर्ण होणाऱ्या ग्रंथासारखी नसते. गावच्या जमिनीच्या दप्तरासारखी ती असते, तिच्यात रोज फेरफार होत राहतात. एक गट विकला गेला म्हणून तलाठी सबंध गावाची मोजणी पुन्हा मागवत नाही. मात्र त्या एका नोंदीमुळे आणखी कोणत्या नोंदी बाधित झाल्या, हे त्याला अचूक ठाऊक असावे लागते. आज्ञावलीबाबतही मूळ प्रश्न हाच आहे : एक ओळ बदलल्यावर कालच्या निष्कर्षांपैकी कोणते आज खरे मानावेत?

पायाभरणी

हेन्री राइस यांनी १९५३ साली सिद्ध केले, की आज्ञावलीच्या वर्तनासंबंधीच्या कोणत्याही अर्थपूर्ण प्रश्नाचे सर्व आज्ञावलींसाठी अचूक उत्तर देणारी यांत्रिक पद्धत असू शकत नाही. त्यामुळे विश्लेषकाला अंदाजावर, पण सुरक्षित बाजूने केलेल्या अंदाजावर, भागवावे लागते. आयबीएममधील फ्रान्सिस ॲलन यांनी १९७० साली नियंत्रण-प्रवाहाचे विश्लेषण मांडले; पुढे २००६ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. गॅरी किल्डॉल यांनी १९७३ मध्ये प्रवाह-विश्लेषणाला एकच गणिती चौकट दिली. आज्ञावलीतील प्रत्येक बिंदूवरील माहिती शेजारच्या बिंदूंकडे पुनःपुन्हा पाठवत राहायचे आणि काहीच बदलेनासे झाले की थांबायचे, ही ती पद्धत होय. पॅट्रिक व राधिया कुझो यांनी १९७७ साली या अंदाजांच्या यथार्थतेचा सर्वसाधारण सिद्धांत दिला.

या सर्व कार्यात आज्ञावली पूर्ण झालेली आहे, असे गृहीत होते. त्या काळी कंपायलरपुढे संपूर्ण मजकूर एकदम ठेवला जाई, हे ध्यानात घेता त्यात नवल नाही. बदलाची पहिली व्यावहारिक दखल सिद्धांतकारांनी नव्हे, तर बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांच्या 'मेक' या साधनाने १९७६ साली घेतली. फाइलवरील वेळ पाहून, जी नवी झाली तिच्यावर अवलंबून असलेलेच पुन्हा तयार करायचे, इतकाच त्याचा नियम. तो इतका ढोबळ आहे, की टिपणीतला एक शब्द सुधारला तरी अवलंबून असलेले सारे नव्याने घडवले जाते. तरीही 'मेक' आजतागायत वापरात आहे.

वजाबाकीची अडचण

१९८०च्या दशकारंभी हा प्रश्न सिद्धांताच्या पातळीवर हाती घेतला गेला. कॉर्नेल विद्यापीठातील टॉमस रेप्स यांनी १९८२ मध्ये रचना-संपादकासाठी अशी पद्धत दिली, जिचा कालखर्च आज्ञावलीच्या आकारावर नव्हे, तर प्रत्यक्ष बाधित झालेल्या मूल्यांच्या संख्येवर अवलंबून होता. बार्बरा रायडर यांनी १९८३ साली प्रवाह-विश्लेषणासाठी बदलापुरत्या पुनर्गणनेची मांडणी केली. या कामात जी अडचण उघड झाली ती विस्ताराने पाहण्याजोगी आहे.

समजा, 'अमुक चलाची किंमत शून्य असू शकेल' ही माहिती एखाद्या विधानातून निघून आवर्तनात, म्हणजे लूपमध्ये, शिरते. आवर्तनातील पहिला बिंदू ती दुसऱ्याला देतो आणि फेरी पूर्ण होताच दुसरा ती पुन्हा पहिल्याला देतो. नवे विधान जोडले तर अडचण नाही. जुन्या उत्तरापासून सुरुवात करून भर घालत गेले की योग्य उत्तर मिळते. परंतु ते मूळ विधानच पुसून टाकले तर? जुन्या उत्तरापासून निघाल्यास दोन्ही बिंदू एकमेकांची साक्ष काढत राहतात आणि उगम नष्ट होऊनही अफवा टिकून राहते. असे उत्तर धोकादायक नसते, पण नाहक संशयी असते. आणि संशय साचत गेला, की साधनाच्या इशाऱ्यांकडे कोणी लक्ष देत नाही. शिवाय विधान बदलणे म्हणजे जुने काढून नवे घालणे, त्यामुळे ही वजाबाकी जवळजवळ प्रत्येक फेरफारात दडलेली असते.

उपाय असा, की बाधित असू शकेल तेवढा भाग आधी कोरा करायचा आणि मग बाहेरील शाबूत माहितीच्या आधारे पुन्हा भरायचा. विदासंचयाच्या क्षेत्रात गुप्ता, मुमिक व सुब्रह्मण्यन यांनी १९९३ साली याच धर्तीची 'आधी जास्तीचे पुसा, मग पुन्हा सिद्ध करा' ही रीत मांडली. दोन शाखा एकाच उत्तराशी पोचल्या, हे बहुविद्याशाखीय अभ्यासकांनी लक्षात घ्यावे असे उदाहरण आहे.

एककाचा शोध

कोरा करायचा भाग लहान कसा ठेवावा, हा पुढचा प्रश्न. येथे मुंबईचा संबंध येतो. आयआयटी मुंबईचे धनंजय ढमढेरे यांनी बॅरी रोझन व केनेथ झाडेक यांच्यासमवेत १९९२ साली मोठ्या आज्ञावलींच्या कार्यक्षम विश्लेषणावर निबंध सादर केला. सर्व प्रश्नांची माहिती एकत्र न फिरवता प्रत्येक प्रश्न स्वतंत्रपणे, आज्ञावलीच्या संबंधित भागापुरताच सोडवावा, हा त्यातील विचार होता. त्याच परंपरेत उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचा प्रवाह-विश्लेषणावरील ग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला.

दुसरा मार्ग प्रत्येक फंक्शनचा सारांश जपून ठेवण्याचा. सारांश मात्र अटींसह जपावा लागतो. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ अग्निबाण उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाला. एरियान-४ मधून जसाच्या तसा घेतलेला आज्ञावलीचा भाग ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवू पाहत होता. जुन्या बाणाच्या उड्डाणमार्गात ती संख्या मर्यादेत राहणार, हा निष्कर्ष बरोबर होता. नव्या बाणात ती अट उरली नव्हती. मजकूर बदलला नाही म्हणून निष्कर्ष टिकला, असे मानता येत नाही.

काल्काञ्ञो, डिस्टेफानो, ओहर्न व यांग यांची २००९ सालची पद्धत नेमकी हीच अट यंत्राकडून शोधून घेते : फंक्शनला सुरुवातीस काय हवे आणि शेवटी ते काय देते. तिच्यावर आधारित 'इन्फर' हे साधन फेसबुककडे २०१३ मध्ये आले आणि २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या कर्त्यांनी २०१९ साली नोंदवलेला अनुभव बोलका आहे. रात्री संपूर्ण आज्ञावली तपासून दोषांची यादी दिली, तेव्हा जवळजवळ एकही दोष दुरुस्त झाला नाही. तीच तपासणी फेरफार सादर होताक्षणी केली, तेव्हा दुरुस्तीचे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. प्रोग्रामरच्या मनात तो बदल ताजा असताना उत्तर हाती पडले, हाच काय तो फरक.

जुनी अडचण मात्र सुटलेली नाही. बदललेल्या फंक्शनचा सारांश तोच राहिला तर त्याला बोलावणाऱ्यांकडे जावे लागत नाही. तो बदलला तर जावे लागते. आणि जिथे दोन फंक्शन्स परस्परांना बोलावतात, तिथे त्यांचे सारांशही आवर्तनातल्या त्या दोन बिंदूंप्रमाणे एकमेकांची साक्ष काढतात. अशा समूहातून काही वगळले गेले, की तो समूह पुन्हा कोराच करावा लागतो.