वाळूतील किल्ला आणि वसईचा तट

इंग्रजी शिकताना रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाशी ज्यांनी झटापट केली, त्यांपैकी फारच थोड्यांस हे ठाऊक असते की त्यांतील रेनसाहेब उत्तम कादंबरीकारही होते. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात त्यांनी काही वर्षे काढली, आणि पुढे १९२४ साली 'बो जेस्त' ही कादंबरी लिहिली. तिच्यावर १९२६ साली मूकपट निघाला व १९३९ साली बोलपट. सहारा वाळवंटातील एक एकाकी गढी, तीत फ्रेंच परकीय पलटणीचे मूठभर शिपाई, आणि भोवती टुआरेग स्वारांचा गराडा. शिपाई एकेक करून पडू लागतात, तेव्हा शत्रूस संख्या कळू नये म्हणून त्यांचा क्रूर सार्जंट प्रेतेच तटाच्या झरोक्यांशी बंदुकीसह उभी करतो. हा देखावा एकदा पाहिला म्हणजे विसरता येत नाही.

परंतु चित्रपट संपल्यावर आमच्या मनात एक शंका राहतेच. तटाच्या आतील प्रत्येक माणसास नाव आहे, आई आहे, भाऊ आहे. तटाबाहेरच्या हजारोंस मात्र तोंडवळादेखील नाही. ते का आले, ही भूमी कोणाची, हे कोणी विचारीत नाही. थोडे आत आणि पुष्कळ बाहेर असले की प्रेक्षकाची सहानुभूती आपोआप आत जाऊन बसते. हा न्याय खरा मानावा काय? आम्हां महाराष्ट्रीयांस या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास सहारात जावयास नको. ज्या १९३९ साली हा बोलपट निघाला, त्याच साली वसईच्या वेढ्यास बरोबर २०० वर्षे पुरी झाली होती.

वसई गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली पोर्तुगीजांस दिली. तेथे त्यांनी तट, मठ, चर्चे व वाडे उभारले आणि दोनशे वर्षे 'उत्तर प्रांता'चा कारभार केला. त्या कारभारात हिंदूंच्या उघड पूजाअर्चेस बंदी होती व धर्मच्छळाच्या तक्रारी वारंवार पुण्यास पोहोचत होत्या. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांचा पिच्छा पुरविला तो याचमुळे. म्हणजे तटाबाहेरच्या मंडळीस येथे नावही होते आणि कारणही. १७३७ साली चिमाजी अप्पांनी ठाणे व साष्टी घेतली. १७३९ च्या आरंभी माहीम, केळवे, तारापूर ही ठाणी पडली. तारापुरास बाजी भिवराव रेठरेकरांसारखा मोहरा खर्ची पडला. मग सारे बळ वसईवर लोटले.

आतील लोकांची स्थिती कशी होती? गोव्याहून कुमक यावी तर खुद्द गोव्याच्या साष्टीत त्याच वेळी व्यंकटराव घोरपडे उतरलेला. समुद्राच्या बाजूने मानाजी आंग्रे यांचा पहारा. मुंबईकर इंग्रजांकडे हात पसरले, तेव्हा त्यांनी चर्चची चांदी व पितळी तोफा गहाण घेऊन १५ हजार रुपये कर्जाऊ दिले! (वसई पडताच दोन महिन्यांत याच इंग्रजांनी अप्पांशी तहही केला.) किल्लेदार सिल्व्हेरा वेढ्यातच ठार झाला, त्याची जागा कायतानो द सोझा परेरा याने घेतली आणि लढाई थांबली नाही. मे महिन्यात मराठ्यांनी तटाखाली सुरुंग लाविले. काही वेळेवर उडाले, काही मागाहून उडून खिंडारात घुसलेल्या आपल्याच वीरांवर कोसळले. मराठ्यांकडील मृत व जखमी मिळून ५ हजारांवर गेले; आत ८०० पडले. अखेर १६ मे १७३९ रोजी तह झाला.

या तहाकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधतो. शिबंदीने हत्यारांसह, वाजतगाजत, लष्करी मानाने बाहेर पडावे. कुटुंबांनी आपली चीजवस्तू न्यावी. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळता यावा. आठवड्याने, २३ मे रोजी, किल्ला रिकामा झाला. ज्यांनी हजारो माणसे गमावली, त्यांनी शत्रूच्या शौर्याची अशी कदर केली. चर्चच्या घंटा मात्र विजयचिन्हे म्हणून घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील १७२१ सालची घंटा व मेणवलीची १७०७ सालची घंटा आजही तेथे लोंबत आहेत.

आता चित्र उलटते. अवघ्या ४१ वर्षांनी, १७८० च्या नोव्हेंबरात, जनरल गॉडर्ड तोफखाना घेऊन याच तटापुढे ठाकला. या वेळी आत मराठे होते. वेढा उठविण्यासाठी रामचंद्र गणेश कानडे घाटाखाली उतरले आणि वज्रेश्वरीजवळील दुगाड येथे कर्नल हार्टलेच्या फौजेवर सलग चढाई करीत राहिले. १२ डिसेंबरला धुक्याचा आडोसा घेऊन ते स्वतः हल्ल्यास निघाले. धुके अवचित विरले, आणि ते रणात पडले. ज्या वसईसाठी त्यांनी देह ठेविला, ती आदल्याच दिवशी, ११ डिसेंबरला, शत्रूच्या स्वाधीन झाली होती!

१७८२ च्या सालबाईच्या तहाने वसई परत मिळाली खरी. पण ३१ डिसेंबर १८०२ रोजी याच वसईत थोरल्या बाजीरावांच्या नातवाने इंग्रजांशी तह करून मराठ्यांचे स्वातंत्र्य गहाण टाकले. हजारोंनी प्राण देऊन जे मिळविले, ते एका सहीने गेले. त्या दिवशी तटावर एकही तोफ उडाली नाही, आणि कोणी चित्रपट काढील असा देखावाही घडला नाही.

वसई तालुक्याच्या पूर्वेस चांदीप गावी उभे राहिले तर नैर्ऋत्येस वसईचा कोट, पूर्वेस चिमाजी अप्पांच्या नवसाची वज्रेश्वरी आणि तिच्या पलीकडे दुगाड. एका दिवसात तिन्ही ठिकाणे पाहता येतात. कुटुंबातील मुलांस घेऊन ती अवश्य पाहावीत, व या क्रमानेच पाहावीत. म्हणजे त्यांस कळेल की तटाच्या आत असणे हे पुण्य नव्हे आणि बाहेर असणे हे पाप नव्हे. एकाच लोकांस इतिहास कधी बाहेर उभा करितो, कधी आत कोंडतो.

आणि अखेरचा हिशेब असा. तहाने ज्या ख्रिस्ती रयतेस अभय मिळाले, ती वसईतच राहिली. तिच्याच वंशातील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांस २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लाभले. सुरुंगाने फोडलेला तट आज ढासळत आहे. त्या तहातील एक कलम मात्र अद्याप फळ देत आहे. चिमाजी अप्पांच्या विजयात आम्हांस अधिक मोलाचे वाटते ते हेच.